‘आय केम’ची दुरुस्ती

अक्का, मेधानं तुमची लांब वही माझ्याकडं दिलीय. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ठेवलीय आणि मी ती अजून उघडलेली नाही. आज रविवार, सकाळचे दहा वाजलेत, म्हणजे आपल्या तासाची वेळ. वही उद्या दुपारपर्यंत परत द्यायची आहे, कारण तुमची लेक उद्या मेलबर्नला परत चाललीय आणि जाताना ती वही बरोबर नेणार आहे. "तुम्ही एकदा बघून द्या, मंदाताई. सगळ्या चुका तुमच्याच आहेत त्यात," असं म्हणून ती हसली.

मी भित्री आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लिफ्टला घाबरते, साहेबाला घाबरते, बँकेतल्या काचेमागच्या बाईला घाबरते. तुम्हालाही घाबरायचे. पण ती भीती निराळी होती, तुमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चप्पल काढली की अर्धी तिथंच राहायची. ही आताची राहत नाही कुठं. ती कामावर माझ्याबरोबर येते, जेवायला माझ्या ताटाशी बसते.

वहीत काय आहे ते मला पाठ आहे, शेवटचं पान सोडून. अडीच वर्षं दर रविवारी तुम्ही माझं चुकलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवायचात, खाली लाल रेघ मारायचात आणि त्याखालची ओळ कोरी सोडायचात. बरोबर उत्तर तुम्ही कधीही लिहिलं नाहीत. मी चिडायचे. अहो, सांगून टाका ना एकदाचं, मला कांदे चिरायचे आहेत घरी जाऊन, असं म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, उत्तर मी लिहिलं तर ते माझं झालं, तुझं कसं होईल? मग कोऱ्या ओळीच्या कडेला बारीक अक्षरात एक खूण लिहायचात. बहुतेक वेळा तीच एक: कुठे उभी आहेस?

बाकीचे मास्तर म्हणे तक्ते पाठ करून घेतात. तुमच्याकडं तक्ता नव्हता, हा एकच प्रश्न होता. बोलताना तू कुठे उभी आहेस ते आधी सांग, म्हणायचात. आजमध्ये उभी राहून कालकडं बघतेस, की कालमध्ये उभी राहून त्याच्या मागं बघतेस? पाय कुठं आहेत ते कळलं की क्रियापद आपोआप येतं. मला ते काही आपोआप यायचं नाही. पण पाय कुठं आहेत ते बघायची सवय लागली हे खरं.

आपली पहिली भेट मी कारखान्यात इतक्या जणींना सांगितलीय की आता त्यांना ती तोंडपाठ आहे. मी मेट्रोत बसले होते आणि लेकीचं सातवीचं व्याकरणाचं पुस्तक सोडवत होते. कुणी ओळखू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. शेजारी जरीकाठाची सुती साडी नेसलेली एक म्हातारी बाई बसली होती. तिनं वाकून माझ्या उत्तरावर नखानं काट मारली आणि कन्नडमध्ये विचारलं, हे काल झालं ना, मग ‘गो’ कशाला? मी कन्नडमध्येच सॉरी म्हटलं आणि खिडकीकडं तोंड करून पुटपुटले, काय आगाऊ बाई आहे. तुम्ही शुद्ध मराठीत म्हणालात, "आगाऊ आहेच. पण उत्तर चूकच आहे." मला तिथंच उडी मारावीशी वाटली. तुमचं घराणं तीन पिढ्या बसवनगुडीत, तुम्ही शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, हे सगळं पुढच्या चार स्टेशनांत कळलं. उतरताना तुम्ही पत्ता लिहून दिलात. रविवारी दहाला ये म्हणालात. विचारलं नाहीत, सांगितलंत.

मला इंग्रजी कशाला हवं होतं ते तुम्ही त्या रविवारी पहिल्यांदा ऐकलंत. मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला बसते. लेथवरून आलेली पिन व्हर्नियरनं मोजायची, माप बरोबर असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. एकदा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. मीटिंग बसली. मी सकाळी तपासलं तेव्हा माल चोख होता, त्यानंतर ऑपरेटरनं टूल बदललं आणि माप गेलं. मराठीत सांगायचं तर एक वाक्य: त्यानं टूल बदललं त्याच्या आधी मी तपासलं होतं. पण ते ‘होतं’ इंग्रजीत कसं आणायचं ते मला येईना. मी उभी राहून म्हटलं, त्यानं टूल बदललं, मी तपासलं. सगळ्यांना वाटलं, बदलल्यावर तपासलं आणि तरी बाईनं हिरवा ठिपका मारला. माझ्या नावावर लेखी समज आली. निपाणीच्या मराठी शाळेत मी वर्गात दुसरी यायचे, अक्का, आणि एका ‘होतं’ पायी माझी मान खाली गेली.

हे ऐकून तुम्ही पहिला महिनाभर दुसरं काही शिकवलंच नाहीत. ‘हॅड’ म्हणजे त्याच्याही आधी. पुस्तकात एक वाक्य होतं, ते असतंच सगळीकडं: डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. तुम्ही ते पेनानं गिरवून गिरवून काळं केलंत आणि वर लिहिलंत, डॉक्टर येण्यापूर्वी रोग्यानं चार इडल्या खाल्ल्या होत्या. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मरणाची वाक्यं या घरात नकोत, म्हणालात, नियम माणूस जिवंत ठेवूनही शिकवता येतो. समोर भिंतीवर तुमच्या यजमानांचा फोटो होता, हार घातलेला. त्यानंतर अडीच वर्षांत आपल्या वाक्यांमध्ये दूध उतू गेलं, बस निघून गेली, मांजरानं मासे पळवले, पण एकही माणूस मेला नाही.

आणि तुमचा जिना. चौदा पायऱ्या, चौदा क्रियापदं. वर चढताना एकेका पायरीवर उभं राहून तिन्ही रूपं म्हणायची, चुकलं की खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिली पायरी ‘कम’ची, सगळ्यात वरची ‘गो’ची. एकदा मी ‘ब्रिंग’वर चार वेळा अडकले, खालच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला आणि त्यानंच उत्तर सांगितलं. तुम्ही वरून कन्नडातल्या ‘बरं’नं सुरुवात केलीत, सरी, त्याला वर पाठव, तू खाली शिलाई कर. मधली सातवी पायरी ‘फॉल’ची होती. तुम्ही कुठल्या पायरीवरून पडलात ते कुणालाच माहीत नाही, आणि मी बघायला गेले नाही.

पुढच्या वर्षी तसाच दुसरा लॉट परत आला. तशीच मीटिंग, तेच टेबल. मी उभी राहिले, पाय लटपटत होते, पण ते कुठं आहेत ते मला माहीत होतं. सगळं वाक्य ‘हॅड’सकट एका दमात म्हटलं. बाहेरून आलेल्या माणसानं मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मी कंप्रेसरच्या मागं जाऊन तुम्हाला फोन केला, रडतच. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सरी. आता वाक्यात ‘इट’ कुणाला म्हणालीस ते सांग." शाबास म्हटलं नाहीत. पण पुढच्या रविवारी माझ्यापुढं बशीत दोन होळिगे, तुमच्याकडच्या पुरणपोळ्या, होत्या, तुपात बुडवलेल्या, आणि तुम्ही मी खाताना बघत बसला होतात. मला आईनं तसं बघितलेलं आठवत नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, राहिलं.

आता गेटचं. तुम्ही वर, गेट खाली, गेटला कायम आतून कुलूप. दिवाळीनंतर बेल बिघडली. आमचे हे बोम्मसंद्र्याला इलेक्ट्रिशियन, म्हटलं पाठवते, अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही नको म्हणालात. गेटपाशी पोचलीस की इंग्रजीत मेसेज कर, मी किल्ली घेऊन खाली येते, तेवढाच सराव. तुमचे गुडघे दुखायचे, उतरताना तुम्ही कठडा दोन्ही हातांनी धरायचात, तरी बेलपेक्षा माझं इंग्रजी तुम्हाला महत्त्वाचं वाटलं. त्या वेळी मला त्यात मान वाटला होता.

गेटपाशी लिहायचं वाक्य तुम्ही ठरवून दिलं होतंत: आय हॅव कम. आलेली आहेस, पाय गेटपाशी आहेत. मी दोनदा ‘आय केम’ लिहिलं आणि आपलं भांडण जुंपलं. मी म्हणायचे, आले म्हणजे आले. आमच्या निपाणीकडं तर बाईसुद्धा ‘आलो’ म्हणते, इंग्रजीत निदान ती तरी कटकट नाही, ‘केम’ म्हटलं की बाई की बाप्या कुणी विचारत नाही, मग तुम्ही कशाला विचारता? तुम्ही म्हणालात, ‘आय केम’ ही झालेली गोष्ट आहे. आली, बसली, गेलीही असेल. आणि मराठीत ‘आले, आले’ म्हणणारी बाई तर अजून न्हाणीघरातच असते. हे मला लागलं. मी म्हटलं, ते खोटं नसतं अक्का, तो शब्द दिलेला असतो, येणारच आहे म्हणून आले म्हणायचं. तुम्ही चष्मा काढलात. "इंग्रजीत शब्द द्यायला भूतकाळ चालत नाही, मंदा." मग कुकरची शिट्टी झाली, तुम्ही उठलात आणि उरलेलं पुढच्या रविवारी बघू म्हणालात.

पुढच्या रविवारी सव्वादहाला मी तुम्हाला मेसेज केला. आय केम अक्का. मला म्हणायचं होतं, आलेच. हट्टानंच लिहिलं थोडं, भांडण पुढं चालू ठेवायला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही, पण तुम्ही मेसेजवर कधीच दुरुस्ती करायचा नाहीत, वहीत करायचात, म्हणून मला काही वाटलं नाही.

मी गेटपाशी आले तेव्हा साडेअकरा होत आले होते. रविवार, शिंप्याचं दुकान बंद. जाळीतून तुमचा पाय दिसला, पांढऱ्या मोज्यातला. मी हाका मारल्या, गेट हलवलं, शेजारचे गृहस्थ धावत आले आणि भिंतीवरून आत उतरले. कुलूप उघडायला किल्ली शोधायला लागली नाही. ती तुमच्या मुठीत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, त्यानं इंग्रजीत विचारलं, केव्हा पडल्या? अक्का, त्याला लागणारं वाक्य माझ्याकडं होतं. मी येण्यापूर्वी त्या पडल्या होत्या. त्याचा साचा मी शंभर वेळा घोटलेला, इडल्या घालून, दूध घालून, मांजर घालून. तो पुन्हा विचारायला लागला तसं मी कन्नडमध्ये म्हटलं, गोत्तिल्ला, माहीत नाही. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझ्या बाजूनं लपवायला सुरुवात झालीय.

पुढचं सांगायची लाज वाटते. तुम्ही आत, मी बाहेर बाकावर, आणि माझ्या डोक्यात एकच, तो मेसेज. मेधा येईल, तुमचा फोन बघेल, सव्वादहाला मंदानं लिहिलंय मी आले, आणि आई किल्ली घेऊन खाली उतरली. मी मेसेजवर बोट दाबून धरलं. दोन पर्याय आले. एक सगळ्यांसाठी पुसायचा, एक ‘फॉर मी’. मला वाटलं, ‘फॉर मी’ म्हणजे माझ्यासाठी एवढं कर बाबा, माझ्यासाठी पूस. मी ते दाबलं. मेसेज माझ्या फोनवरून गेला आणि तुमच्या फोनवर तसाच राहिला. अडीच वर्षांच्या शिकवणीचं मी हे केलं. तुम्ही शुद्धीत असतात तर कपाळाला हात लावला असतात.

सोमवारी दुपारी तुम्ही गेलात. मेधाचं विमान रात्री उतरलं. मेधा येण्यापूर्वी तिची आई. तुम्ही काळं केलेलं वाक्य तसंच्या तसं खरं होऊन माझ्यासमोर उभं राहिलं, आणि त्यात डॉक्टर मेधा, रोगी तुम्ही, तर रोग कोण ते मला बघवेना.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नाही. मेधा तुमच्याच फोनवरून सगळ्यांना कळवत होती, कारण नंबर त्यात होते. माझ्या फोनवर तुमचं नाव उजळायचं. एकदा वाटलं तुम्हीच. दुसऱ्यांदा वाटलं, बघितलं तिनं. उचलला तर ती विचारत होती, आई कॉफीची पूड कुठल्या दुकानातून आणायची? कारखान्यात मी एकच पिन तीनदा मोजायला लागले, आकडा डोक्यात राहीना. रस्त्यात खाकी कपडे दिसले की पदर सावरायचे. यांना सांगितलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मधला रविवार मी दहा ते बारा न्हाणीघरात कपडे धुण्यात घालवला, धुतलेलेच परत धुतले.

काल तुमचं तेरावं झालं. माणसं जेवून गेली. दुपारी स्वयंपाकघरात मेधा भांडी विसळत होती आणि मी पुसत होते. माझ्या हातात तुमचा तो पितळेचा कॉफीचा लोटा आला, आणि मला वाटलं, आता नाही बोललं तर हा लोटा मी जन्मभर पुसत राहीन. मी म्हटलं, "मेधा, आई पडल्या त्या दिवशी मी त्यांना एक मेसेज केला होता."

तिनं नळ बंद केला. "माहीत आहे," म्हणाली.

तिनं तो पहिल्याच दिवशी वाचला होता, अक्का. बारा दिवस तिला माहीत होतं आणि ती मला कॉफीची पूड विचारत होती. मी खाली बसले, तिथंच फरशीवर. तीही बसली. म्हणाली, आधी मला खूप राग आला, मग मी स्वल्प विचार केला, तुम्हाला ‘आलेच’ म्हणायचं असणार. मी पण तिकडं ऑफिसात तसं लिहून बसते कधी कधी, इतकी वर्षं झाली तरी. टेन्सची चूक हो, मंदाताई. आई असती तर तुमच्याकडून पाच वेळा लिहून घेतलं असतं तिनं. मग ती म्हणाली, तुम्ही तेव्हा मेट्रोत असणार, रविवारी गाड्या उशिरा उशिरानं असतात, त्याला तुम्ही काय करणार?

मी म्हटलं, "हं."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि खूप रडली. मीही रडले. तिला वाटलं आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडतोय. मग डोळे पुसून ती आत गेली आणि ही वही घेऊन आली. तुमच्या टेबलावर लाल पेनाशेजारी होती म्हणे, पेनाचं टोपण लावलेलं. मी बघितली नाही, म्हणाली, आधी तुम्ही बघा.

घरी आल्यापासून मी हिशोब करत बसलेय, वही न उघडता. शेवटचं पान कोरं असलं, तर तुम्ही माझं वाक्य वाचलंत, खरं मानलंत आणि किल्ली घेऊन तशाच निघालात, बिचारी उन्हात उभी आहे म्हणून, घाईनं. त्या पानावर काही लिहिलेलं असलं, तर तुम्हाला चूक कळली होती आणि तुम्ही दुसऱ्याच कशासाठी उतरलात. कोरं नसू दे, एवढंच मागत होते देवाजवळ. आता साडेदहा झाले. उघडते.

लिहिलेलं आहे, अक्का.

तारीख आहे. खाली तुमच्या गोल अक्षरात माझं वाक्य, आय केम अक्का, ‘अक्का’सकट. खाली लाल रेघ, पट्टी न घेता मारलेली, तरी सरळ. त्याखाली कोरी ओळ. आणि कडेला बारीक: कुठे उभी आहेस?

मी आधी खूश झाले. खरंच सांगते, एक क्षणभर छातीवरचा दगड उतरला. तुम्ही फसला नव्हतात, तुम्ही चूक पकडलीत, रेघ मारलीत, टोपण लावलंत. मग मी ती बारीक अक्षरं परत वाचली. हा प्रश्न तुम्ही मला शंभर वेळा विचारलात आणि दर वेळी तो क्रियापदाबद्दल होता. या वेळी तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. गेटपाशी असेल की मेट्रोत असेल? वाक्यावरून कळेना. गेटपाशी असली तर उन्हात ताटकळेल. म्हणून तुम्ही किल्ली घेतलीत आणि बघायला उतरलात.

मेधाला वाटतं मी मेट्रोत होते. मगापासून हे सगळं लिहिताना मी तुमच्यापाशीसुद्धा तेवढंच टाळत आले. बघा, वर कुठंही मी निघाले होते असं लिहिलेलं नाही. तुम्ही पकडलंच असतंत.

मी घरी होते, अक्का. इथंच, या ओट्यापाशी, आता बसलेय तिथं. नुकतीच न्हाऊन बाहेर आले होते, केसांतून पाणी गळत होतं, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. उशीर झाला होता, तुम्ही रागवाल म्हणून घाबरून लिहिलं, आय केम. म्हणजे ओरडू नका, निघालेच समजा. त्यानंतर मी केस पुसले, कुकर उतरवला, साडी नेसले, ती आवडली नाही म्हणून दुसरी नेसले. टेन्सची चूक नव्हती ती. तुम्ही म्हणाला होतात तीच न्हाणीघरातली बाई मी. त्या भांडणात तुमचं बरोबर होतं.

कोरी ओळ माझ्यासाठी सोडलीय तुम्ही, ती मलाच भरायला हवी. हातात आधी कारखान्याचं हिरवं पेन आलं, ते बाजूला ठेवलं आणि साधं निळं घेतलं. अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण वाक्य पुरं लिहिलं. व्हेन अक्का केम डाउन, आय हॅड नॉट लेफ्ट होम. अक्का खाली आल्या, तेव्हा मी घरातून निघालेसुद्धा नव्हते. ‘हॅड’ जिथं हवं तिथं आहे. दोनदा तपासलं.

मेधा हे वाचेल. वाचून काय म्हणेल ते मला माहीत नाही, कालसारखं परत माझ्या खांद्यावर डोकं ठेवेल का तेही माहीत नाही. उद्यापर्यंत थांबले तर मी हे पान फाडीन. मी मला ओळखते. म्हणून वही पिशवीत घातली, गॅस बंद केला, चप्पल घातली. मेधाला अजून काहीच कळवलेलं नाही. तुमच्या गेटपाशी पाय टेकले की मगच लिहीन.